बिशप तुम्हाला प्रार्थनेत स्मरतात

हॅल्डन ब्रिज
५ मार्च, राखेचा बुधवार

रेमू,

वर आधी ‘फादर रेमंड’ लिहिलं होतं, मग दुसरा कागद घेतला. तुझ्या दीक्षेच्या दिवशी आईने सगळ्या घराला बजावलं होतं, आजपासून त्याला फादर म्हणायचं, अहो-जाहो करायचं, मोठ्या बहिणीनेसुद्धा. मी म्हणत आले आणि चारचौघांत पुढेही म्हणेन. पण तुझा परवाचा ईमेल काही फादरचा नव्हता. तो धाकट्या भावाचा आगाऊपणा होता, म्हणून उत्तरही धाकट्या भावालाच.

ईमेलला ईमेलने उत्तर देत नाही, कारण तो तू तासाभरात मॉन्सिन्योर ग्रेगसनला पुढे पाठवशील. पोस्टाने वसईला पोचेपर्यंत तुझा राग निवेल. माझा निवेलच असं नाही. कपाळाला अजून सकाळची राख आहे, आज तरी रागावू नये म्हणतात, पण तू वेळच अशी निवडलीस.

“ताई, तू तिथल्या बिशपांना त्रास देतेस असं कानावर आलं. आपल्या घराला हे शोभत नाही.” वा रे वा! कानावर कसं आलं ते मला कळतं हो. सहा वर्षांपूर्वी इथले फादर सुट्टीवर गेले तेव्हा त्यांच्या जागी मिस्सा करायला तू उन्हाळाभर आला होतास. बिशपांचा उजवा हात असलेल्या या ग्रेगसनच्या घरी राहिलास. माझ्या फ्लॅटवर एकदा चहाला आलास, सोफ्याच्या कडेला बसलास आणि घड्याळ बघत उठलास. तेव्हापासून आपलं नाताळ आणि पास्काला मेसेज पाठवण्यापुरतंच उरलंय. आणि आता त्या माणसाने माझी तक्रार तुझ्याकडे करावी? एकसष्टाव्या वर्षी? शाळेत मुलीने खोडी काढली की पालकांना बोलावतात तसं? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्याने तुला काय सांगितलं नसेल ते मी सांगते.

मी सेंट विनिफ्रेड्स चर्चची पॅरिश सेक्रेटरी. विल्सन गेला, मी विधवा झाले, त्याच्या पुढच्या वर्षी लागले, आता वीस वर्षं होऊन गेली. लग्नं, बाप्तिस्मे, अंत्यविधी, दर आठवड्याचं न्यूजलेटर, सगळं माझ्या टेबलावरून जातं. बॉयलर बंद पडला तर लोक देवाला हाक मारत नाहीत, मला फोन करतात. पगार लहान होता, पण पेन्शन चांगली होती. चर्चची नोकरी म्हणजे हेच, आज कमी घ्या, म्हातारपणी आम्ही आहोत. निवृत्त झालं की मरेपर्यंत दर महिन्याला ठरलेली रक्कम येणार, याच शब्दावर आम्ही सगळ्यांनी इतकी वर्षं काढली.

जानेवारीत डायसिसच्या ऑफिसातून, बिशपांच्या हाताखालच्या सगळ्या चर्चना, पत्र आलं. सप्टेंबरपासून ही पेन्शन बंद. त्याऐवजी प्रत्येकाच्या नावाची एक थैली, ती बाजारात गुंतवणार. फुगली तर फुगली, आटली तर आटली, आणि संपली की संपली. आजवरचं जमलेलं राहील म्हणतात, पण ज्या शेवटच्या वर्षांत पेन्शन खरी वाढते, तीच वर्षं आमच्या हातून गेली. सेक्रेटरी, केअरटेकर, स्वयंपाकीण, सगळ्यांची. आम्ही बिशपांना लिहिलं, आम्हाला भेटा, एकदा आमचं ऐकून घ्या. मग परत लिहिलं. तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा ग्रेगसनच्या सहीने एका ओळीचं उत्तर आलं: “बिशप तुम्हाला प्रार्थनेत स्मरतात.”

हा तो त्रास. भेट मागितली, एवढाच.

आणि तुझं ते शेवटचं वाक्य! “काही कमी पडलं तर इकडे ये, सिस्टरांच्या आश्रमात तुझी सोय करू.” सोय! रेमू, मी सोय मागितली का? मला कुणाच्या दारात पाहुणी म्हणून म्हातारं व्हायचं नाही. मला माझी कमावलेली पेन्शन हवी आहे, आणि ती मिळेपर्यंत मी गप्प बसणार नाही. हे ग्रेगसनला खुशाल कळव.

तुझी,
नीनाताई


हॅल्डन ब्रिज
२८ मार्च

रेमू,

तुझं उत्तर आलं, पुन्हा ईमेलनेच. वाचून मी तो बंद केला आणि भांडी घासायला घेतली, इतक्या जोरात की खालच्या मजल्यावरच्या सुप्रभाताई वर बघायला आली. ही पुण्याची डॉक्टर. सगळा जन्म नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात काढला, आता लेकीजवळ राहायला इथे आलीय. तिला मी तुझं वाक्य वाचून दाखवलं: “बाबांनी चर्चकडे कधी काही मागितलं नाही. त्यांना देवाची सेवा पुरेशी होती.” ती म्हणाली, “अगं, आम्ही डॉक्टर लोकं पगारासाठी रस्त्यावर बोर्ड घेऊन उभे राहिलो, तेव्हा आम्हालाही सेवेचीच आठवण करून दिली होती.” मग तिने माझ्या हातातली कढई काढून घेतली.

आता ऐक. ही गोष्ट मी तुला कधीच सांगणार नव्हते. बाबांनीच तसं सांगितलं होतं.

आपले इनासबाबा चर्चची घंटा वाजवायचे, झाडलोट करायचे, वेदीवरच्या मेणबत्त्या बदलायचे, कुणी गेलं की स्मशानात खड्डा खणायला माणसं गोळा करायचे. तू लहान होतास, तुला घंटा आठवते. मला त्यांचे गुडघे आठवतात. जिना चढताना ते एका हाताने भिंत धरायचे. मग चर्चमध्ये विजेवर वाजणारी घंटा आली आणि बाबांचं काम संपलं. निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ आणि येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर. टाळ्या. आईने घरी येऊन तो नारळ फोडला, दोन दिवस कालवणात पुरला.

त्यानंतरच्या आठवड्यात बाबा मला म्हणाले, नीना, चल माझ्याबरोबर, मला नीट बोलता येत नाही. मी तेव्हा टायपिंगच्या क्लासला जात होते, मला बोलता येतं असा त्यांचा समज होता. आम्ही तेव्हाच्या मोठ्या फादरांकडे गेलो. बाबांनी चपला पायरीखाली काढल्या. म्हणाले, फादर, महिन्याला थोडं काही मिळालं असतं, तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले. फादर वाईट नव्हते, हसले, बाबांच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, “इनास, देव कुणाला उपाशी ठेवत नाही. मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन.”

मी तिथेच उभी होते, रेमू. टायपिंग येणारी, बोलता येणारी मुलगी. मला काय बोलावं ते सुचलं नाही. वाडीतून परत येताना बाबा म्हणाले, “रेमूला सांगू नको. त्याच्या मनात फादर व्हायला सेमिनरीत जायचं आहे, त्याला वाईट वाटेल.”

म्हणून नाही सांगितलं. तू सेमिनरीत गेलास, पुण्याला थंडी असते म्हणून आईने तीच शाल तुझ्या ट्रंकेत घातली. मी नोकरीला लागले, पुढे विल्सनशी लग्न करून इथे आले. आज बाबांचा शब्द मोडतेय, कारण ‘त्यांनी मागितलं नाही’ असं तू म्हणतोस. त्यांनी मागितलं होतं. त्यांना ‘प्रार्थना करीन’ म्हणून परत पाठवलं. मग मला इथे “बिशप तुम्हाला प्रार्थनेत स्मरतात” असं आलं, तेव्हा मला कुठली पायरी आठवली असेल ते तूच बघ.

पण मी बाबा नाही. मी म्हटलं, ठीक आहे, प्रार्थनेत स्मरता ना? मग मोठ्याने स्मरा.

तुमच्याकडे मिस्सेत प्रवचनानंतर विश्वासूंच्या प्रार्थना होतात तशा इथेही होतात. वाचणारा म्हणतो, “लॉर्ड, हिअर अस,” आणि सगळं चर्च म्हणतं, “लॉर्ड, ग्रेशसली हिअर अस,” प्रभू, कृपा करून आमचं ऐक. आता या प्रार्थना लिहितं कोण? लोकांना वाटतं फादर. कुठले फादर! दर बुधवारी पॅरिश सेक्रेटरी लिहिते. आमचे फादर डॉमिनिक शुक्रवारी दारातून विचारतात, “नीना, प्रेयर्स झाल्या?” झाल्या म्हटलं की विषय संपला.

तर गेल्या पंधरवड्यात मी चौथी प्रार्थना अशी लिहिली: “चर्चमध्ये काम करणाऱ्या सगळ्यांसाठी. आयुष्यभर ज्यांनी इतरांसाठी दारं उघडली, त्यांच्या म्हातारपणी ती दारं त्यांच्या तोंडावर बंद होऊ नयेत.” वाचायला मिस्टर डॉयल होते. ते बायबलही बॉयलरच्या गॅरंटीकार्डासारखं वाचतात. त्यांनी त्याच आवाजात तेही वाचलं, आणि सगळं चर्च एका सुरात म्हणालं, “लॉर्ड, ग्रेशसली हिअर अस.” फादर डॉमिनिकनी चष्म्यावरून पाहिलं. नंतर मेणबत्त्या विझवताना मला म्हणाले, “चौथी कुठून घेतलीस?” म्हटलं, मनातून. ते पुढची मेणबत्ती विझवायला वळले. माणूस चांगला आहे, ग्रेगसनला घाबरतो एवढंच.

आम्हा सगळ्या पॅरिशच्या सेक्रेटऱ्यांचा एक व्हॉट्सॅप ग्रुप आहे, फोटोकॉपियरची शाई कुठे स्वस्त मिळते ते विचारायला काढलेला. त्यावर मी ती प्रार्थना टाकली. पुढच्या रविवारी ती निम्म्या डायसिसमध्ये वाचली गेली. मी कुणाला सांगितलं नव्हतं. नुसती टाकली होती.

तू यावर काय लिहितोस ते बघते.

नीनाताई


हॅल्डन ब्रिज
१५ एप्रिल, पवित्र आठवडा

रेमू,

तुझं काही आलं नाही. ना ईमेल, ना मेसेज. ठीक आहे, पवित्र आठवड्यात तुम्हा लोकांना श्वास घ्यायला फुरसत नसते. मलाही नाही.

इथली बातमी एवढीच की ग्रेगसनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या आहेत. सगळ्या पॅरिशना सर्क्युलर आलंय, यापुढे प्रार्थना डायसिसच्या ऑफिसातूनच येतील, कुणी आपल्या मनाने एक शब्द घालायचा नाही. आणि मला वेगळं पत्र, लेखी ताकीद. पुन्हा असं झालं तर ‘पुढील कारवाई’. माझ्या फाइलमधला हा पहिलाच वाईट कागद. मी त्याला भोक पाडून नीट लावून ठेवला.

घाबरले का? हो, घाबरले. तुला खोटं कशाला सांगू. आता नोकरी गेली तर पेन्शनमध्ये अजून जे काही जमणार होतं तेही बंद, आणि पगारही. सुप्रभाताई म्हणते, युनियनमध्ये नाव घाल, मी तिच्यासमोरच घातलं. मॉरीननेही घातलं. मॉरीन म्हणजे फादरांच्या घरची स्वयंपाकीण, मूळची आयर्लंडची. या बाईचं बोलणं “टी?” आणि “शुगर?” एवढंच. या वर्षअखेरीला काम सोडून आयर्लंडला बहिणीजवळ लहानसं घर भाड्याने घ्यायचं तिच्या मनात होतं. जानेवारीच्या पत्रानंतर ती त्याबद्दल बोलतच नाही. परवा तिने मला विचारलं, थैली संपली की काय करायचं असतं?

बिशपांनी निर्णय पक्का करायची शेवटची तारीख जूनअखेर आहे. त्याआधी ते मेमध्ये आमच्याच चर्चला येतायत, मुलांना दृढीकरणाचा संस्कार द्यायला. त्या दिवशीच्या प्रार्थना ग्रेगसन स्वतः तपासणार आहे.

पास्काच्या शुभेच्छा. पास्काच्या जेवणातल्या वडे-फुग्यांची आठवण येते.

नीनाताई


हॅल्डन ब्रिज
१९ मे

रेमू,

हे पत्र बसून वाच.

काल बिशप येऊन गेले. चर्च खच्चून भरलेलं. दृढीकरण घेणारी पोरं नव्या बुटांत, त्यांच्या आज्या हॅट घालून, काके-मामे फोन उंच धरून. वेदीवर बिशप, त्यांच्या डाव्या हाताला ग्रेगसन, उजव्या हाताला आमचे फादर डॉमिनिक, पांढरेफटक. प्रार्थना मी आधीच पाठवून मंजूर करून घेतल्या होत्या. जगात शांतता नांदावी, दृढीकरण घेणाऱ्या मुलांसाठी, आजाऱ्यांसाठी, मृतांसाठी. त्यात काडीचाही दोष निघाला नाही. ग्रेगसनने “थँक यू, नीना, व्हेरी नाइस” असं लिहून पाठवलं. मी म्हटलं, यू आर वेलकम.

आता इथली एक पद्धत तुला आठवत असेल. शेवटी वाचणारा म्हणतो, “आता क्षणभर शांत राहून आपापल्या मनातली प्रार्थना देवापुढे ठेवू या.” ही ओळ इतकी जुनी आहे की ती कुणी तपासत नाही. ग्रेगसननेही नाही तपासली. एरवी मिस्टर डॉयल ती शांतता शिंक येऊन जावी तेवढ्यात उरकतात. मी त्यांना शनिवारी फक्त एवढंच म्हटलं होतं, “मिस्टर डॉयल, उद्या जरा थांबा हं. लोकांना कधीतरी खरोखर प्रार्थना करू द्या.” हा गुन्हा असेल तर असो.

मॉरीनला मात्र मी काही म्हणजे काही सांगितलं नव्हतं. आईशपथ.

मिस्टर डॉयल थांबले. चांगले थांबले. एक बाळ रडायचं थांबलं तरी ते थांबलेलेच. आणि मॉरीन उठून उभी राहिली. हॉलमध्ये सँडविच लावून तशीच आली होती, बाह्या कोपरापर्यंत. तिचा आवाज मी इतक्या वर्षांत कधी एवढा मोठा ऐकला नव्हता. म्हणाली, “माझं नाव मॉरीन. मी या पॅरिशच्या प्रत्येक फादरला जेवण घातलंय. सप्टेंबरनंतर माझं काय होणार मला माहीत नाही. बिशपांनी एकदा आम्हाला भेटावं, आमचं ऐकावं, एवढीच माझी प्रार्थना आहे.”

मग तिला पुढे काय म्हणायचं ते सुचेना. हातांनी ॲप्रन चाचपत होती, आणि ॲप्रन तर ती हॉलमध्ये काढून आलेली. शेवटी ती मिस्टर डॉयलसारखंच म्हणाली, “लॉर्ड, हिअर अस.”

आणि रेमू, चर्च म्हणालं. सगळं चर्च. त्या आज्या, ती बुटांतली पोरं, वर्षातून एकदा येणारे काके-मामे, सगळ्यांच्या तोंडून आपसूक निघालं, “लॉर्ड, ग्रेशसली हिअर अस.” लहानपणापासून तोंडात बसलेलं आहे ते, थांबवणार कसं? फादर डॉमिनिक म्हणाले. आणि बिशपसुद्धा म्हणाले! त्यांच्या छातीवरचा माइक चालू होता. त्यांचा आवाज मागच्या भिंतीवर आपटून परत आला. ग्रेगसन एकटाच तोंड मिटून होता, त्यामुळे तो एकटाच वेगळा दिसत होता.

मला रडू फुटलं. मी पाठीमागच्या खांबाआड गेले. कुणासाठी रडले म्हणशील, तर मॉरीनसाठी नाही. पायरीखाली चपला काढलेल्या त्या माणसासाठी.

मिस्सेनंतर हॉलमध्ये चहा-केक. बिशप आले, फोटो झाले, आणि मग ते चालत थेट किचनमध्ये गेले. मॉरीन कप विसळत होती, मी पुसत होते. बिशप दारात उभे. मी मनात म्हटलं, संपलं, आता दोघींची गठडी वळणार. ते म्हणाले, “मॉरीन, मी काय म्हणतोय ते कळायच्या आत मी ते म्हणून गेलो.”

मॉरीन म्हणाली, “हो, माय लॉर्ड. सगळ्यांनी ऐकलं.”

त्यांना हसू आलं असावं, पण हसले नाहीत. म्हणाले, जूनमध्ये सगळ्यांना भेटतो, निर्णयाच्या आधी. मागे ग्रेगसन केकची बशी धरून उभा होता. मी त्याला म्हटलं, मॉन्सिन्योर, तारीख मी लिहून घेऊ की तुम्ही कळवाल?

आता तो तुला पुन्हा लिहीलच. यावेळी काय उत्तर द्यायचं ते तू ठरव. मी तुला काही सांगणार नाही. मागच्या वेळी तुला ठाऊक नव्हतं, आता ठाऊक आहे. नुसतं गप्प राहिलास, तर तेही मी उत्तरच समजेन.

नीनाताई


हॅल्डन ब्रिज
२० जून

रेमू,

मंगळवारी कुरियरवाला आला. मी म्हटलं, मी काही मागवलं नाही. त्याने सही घेतली आणि गेला. पाकिटात चिठ्ठी आहे का म्हणून मी उलटंपालटं करून झटकलं. चिठ्ठी नव्हती. डांबराच्या गोळ्यांचा वास मात्र सगळ्या फ्लॅटभर झाला.

बाबांची शाल. काठ एका बाजूला उसवलेला, मधे कसलासा पिवळा डाग, बहुतेक मेणाचा. मी ती मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसले होते. इतकी वर्षं तू ती ठेवली होतीस हे मला माहीतच नव्हतं. मला वाटलं होतं पुण्यालाच कुठेतरी टाकून दिली असशील.

मग पाकिटावरचा कस्टमचा कागद वाचला, तुझ्या त्या शाळामास्तरी अक्षरातला. वस्तू: एक जुनी शाल. प्रकार: भेट. किंमत: शून्य. तू सरळ मनाने लिहिलं असशील, ड्यूटी लागू नये म्हणून. मी तो कागद कात्रीने कापून पर्समध्ये ठेवला.

काल मीटिंग झाली.

लांब टेबल. त्या बाजूला बिशप, ग्रेगसन आणि सूट घातलेले दोन फायनान्सवाले. या बाजूला आम्ही, बहुतेक सगळ्या पॅरिशमधून कुणी ना कुणी आलेलं. आधी त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवायला सुरुवात केली. रंगीत रेघा वर जातात, खाली येतात. ग्रेगसन म्हणाला, शेवटी थोडा वेळ उरला तर काही प्रश्न घेऊ. मॉरीनने माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीतून शाल काढली आणि टेबलावर पसरली.

सूटवाला बोलायचा थांबला. बिशपांनी विचारलं, “हे काय आहे?”

म्हटलं, “ही माझ्या वडिलांची पेन्शन.”

कुणालाच काही कळेना. मी म्हटलं, “माझे वडील आमच्या गावच्या चर्चची घंटा वाजवायचे. गुडघे गेले तेव्हा चर्चने त्यांना ही दिली. त्यांनी महिन्याला थोडं काही मागितलं, तेव्हा फादर म्हणाले, प्रार्थना करीन. माझा भाऊ तिकडे फादर आहे, मॉन्सिन्योर त्याला ओळखतात. परवा त्याने ही मला पाठवली, आणि तिची किंमत स्वतःच्या हाताने लिहून पाठवली.” मग मी तो कागद शालीवर ठेवला, बिशपांना वाचता येईल असा.

ग्रेगसनने तोंड उघडलं. बिशपांनी त्याच्याकडे न बघता हात वर केला. आणि मग ते शालीकडे बघत राहिले, आणि कुणीच बोललं नाही. मी पण बोलले नाही. मिस्टर डॉयलना सांगितलं होतं ना, थांबा म्हणून, तशी थांबले. या वेळी मला काय बोलायचं ते सुचत होतं रे, पण मी थांबले.

शेवटी बिशप म्हणाले, “तो पडदा बंद करा. आधी तुम्ही सांगा. मी ऐकतो.”

आणि खरंच ऐकलं त्यांनी. मॉरीनचं ऐकलं, कॅथीड्रलच्या केअरटेकरचं ऐकलं, एका सेक्रेटरीला मधेच हुंदका आला तेव्हा तिचं संपेपर्यंत वाट पाहिली. चहा आला, गार झाला, नेला. लगेच काही बदललं का? नाही. ऐकलं म्हणजे दिलं असं नव्हे, एवढं मलाही कळतं. पण जूनअखेरचा निर्णय पुढे ढकललाय, आणि निवृत्तीला आलेल्यांची जुनी पेन्शन कशी राखायची ते आमच्याबरोबर बसून ठरवायचं म्हणाले. सप्टेंबरच्या आत आणखी दोन मीटिंगा. माझी ताकीद फाइलमध्ये आहे तशीच आहे. राहू दे, शोभतेय.

निघताना ग्रेगसन मला म्हणाला, “तुमच्या भावाने मला उत्तर पाठवलं.” मी विचारलं, काय म्हणाला? तर म्हणाला, “त्यांनी लिहिलं, ती माझी मोठी बहीण आहे, तिचं ऐका.”

एवढं मला लिहिलं असतंस तर हात मोडला असता का तुझा? कुरियरमध्ये चिठ्ठी नाही, काही नाही. बाबांवरच गेलायस अगदी.

जुलैत तू इकडे मिस्सा करायला येणार असं फादर डॉमिनिक म्हणाले. या वेळी ग्रेगसनच्या घरी उतरायचं नाही. माझ्याकडे यायचं. सोफ्याच्या कडेला बसायचं नाही, नीट मागे टेकून बसायचं. वांग्याचं भरीत करीन, मॉरीनलाही बोलावू. चारचौघांत तुला फादर म्हणेन, काळजी करू नको.

शाल मात्र परत मागू नकोस. अजून दोन मीटिंगा आहेत, तिला काम आहे.

तुझी,
नीनाताई